युइंगच्या अर्बुदाची कुळकथा

हाडाशी सूज येते, रात्री ठणका लागतो, मधूनमधून ताप भरतो. आणि मूल खेळताना कोठेतरी पडले असावे असे समजून घरची माणसे लेप व शेक यांवर दिवस काढतात. कुमारवयातील मुलामुलींना होणाऱ्या एका दुर्मिळ अस्थिकर्करोगाचा आरंभ पुष्कळदा असा निरुपद्रवी वाटणारा असतो. पाश्चात्त्य देशांतील गणतीप्रमाणे वीस वर्षांखालील दहा लाख व्यक्तींमागे वर्षाकाठी सुमारे तिघांना हा रोग जडतो. संख्येने इतका थोडा असूनही वैद्यकाच्या इतिहासात त्याने मोठी जागा अडविली आहे. तो शरीरातील कोणत्या पेशींपासून जन्मास येतो, या एका प्रश्नावर विद्वानांचे सत्तर वर्षे एकमत झाले नाही. आणि उत्तराची किल्ली हाती आली तेव्हा तो प्रश्नच निराळ्या रीतीने विचारावयास हवा होता, असे दिसून आले.

या रोगास ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. जेम्स युइंग अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १८६६ साली जन्मले. चौदा वर्षांचे असताना त्यांच्या मांडीच्या हाडात पू झाला व त्यांना दोन वर्षे अंथरुणास खिळून राहावे लागले. पुढे त्यांचे नाव हाडाच्याच रोगाशी जोडले जावे हा योगायोग विलक्षण खरा. परंतु त्यावरून काही दैवी संकेत काढण्याचे कारण नाही. जंतुनाशक औषधे नसलेल्या त्या काळात अशी दुखणी अनेक घरांत होती. १८९९ साली ते कॉर्नेल विद्यापीठाच्या न्यूयॉर्क येथील वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९१९ साली त्यांचा अर्बुदांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या विषयात त्यांचा शब्द पुढील पंचवीस वर्षे प्रमाण मानला जात होता असे म्हणावयास हरकत नाही. न्यूयॉर्कचे मेमोरियल हॉस्पिटल ही त्यांची कर्मभूमी. जेम्स डग्लस नावाच्या धनाढ्य खाणमालकाने या रुग्णालयास पैसा दिला व रेडियमही दिले. त्या काळी रेडियम सोन्याहून कितीतरी मोलाचे होते, आणि ते हाताशी असलेली रुग्णालये जगात मोजकीच होती. पुढील हकीकत घडली ती या रेडियममुळेच.

चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कोपराखालील हाडात गाठ झाली होती. हाडाचा नेहमीचा घातक कर्करोग, म्हणजे ऑस्टिओजेनिक सार्कोमा, असे तिचे निदान झाले होते. या जातीची गाठ रेडियमच्या किरणांना सहसा दाद देत नाही. परंतु या मुलीची गाठ किरण पडताच झपाट्याने विरघळू लागली. दुसऱ्या एखाद्याने उपचाराचे यश म्हणून यावर समाधान मानले असते. युइंग यांच्या मनात मात्र निराळीच शंका आली. औषधाला निराळा प्रतिसाद देणारा रोग मुळातच निराळा असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी गाठीचे काप पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ऑस्टिओजेनिक सार्कोमातील पेशी वेड्यावाकड्या का होईना, पण हाड घडवीत असतात. येथे तसे काहीच नव्हते. मोहरीच्या दाण्यांसारख्या लहान, गोल, एकसारख्या पेशी दाटीवाटीने पसरल्या होत्या. अशा आणखी काही रुग्णांसह ही हकीकत त्यांनी न्यूयॉर्कच्या विकृतिशास्त्र मंडळापुढे ठेवली व ती १९२१ साली छापली गेली. रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस जे पेशींचे नाजूक अस्तर असते, त्यापासून हे अर्बुद उद्भवते असे त्यांचे मत होते, व तसेच नाव त्यांनी त्यास दिले.

रोग निराळा आहे हे म्हणणे टिकले. त्याचे कूळ मात्र वादात सापडले. बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९२० साली अस्थि-अर्बुदांची एक नोंदवही सुरू केली होती. देशभरातील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची क्ष-किरण चित्रे व गाठींचे काप तिकडे पाठवावेत, आणि तज्ज्ञांनी ते एकत्र तपासावेत, अशी ती योजना. युइंग स्वतः त्या तज्ज्ञांत होते. या नोंदवहीमुळे नव्या रोगाचे रुग्ण एकेक करून उजेडात आले आणि त्याबरोबर मतभेदही. १९२८ साली फ्रान्समधील ओबरलिंग यांनी हा रोग अस्थिमज्जेच्या जाळीदार ऊतीतून निघतो असा सिद्धांत मांडला. १९४० साली ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ विलिस यांनी तर या रोगाच्या स्वतंत्र अस्तित्वावरच शंका घेतली: मुलांच्या शरीरात इतरत्र दडलेल्या मज्जातंतू-अर्बुदाची हाडात उतरलेली ही पिल्ले असावीत, असे त्यांनी एका रुग्णाच्या आधारे दाखवून दिले. तिकडे न्यूयॉर्कमध्येच आर्थर पर्डी स्टाउट यांनी १९१८ साली हाताच्या एका मज्जातंतूवरील अशाच लहान गोल पेशींच्या गाठीचे वर्णन करून ठेवले होते. त्या गाठीत पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या वर्तुळाकार मांडलेल्या दिसत. युइंग यांचे अर्बुद व स्टाउट यांची गाठ यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही आले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या सर्व पंडितांजवळ साधन एकच होते, ते म्हणजे रंगविलेला काप व त्यावर खिळलेली नजर. पेशीचा चेहरा पाहावा आणि त्यावरून तिचे गोत्र सांगावे, ही त्या शास्त्राची रीत. चेहऱ्यावरून गोत्र सांगण्यात जो धोका व्यवहारात असतो, तोच येथेही होता. वाद घालणाऱ्यांपैकी कोणीही हलक्या बुद्धीचा नव्हता. प्रत्येकाला आपल्या कापात जे दिसले ते खरोखरच तेथे होते.

युइंग १९४३ साली मूत्राशयाच्या कर्करोगाने निवर्तले, तेव्हा हा वाद भर रंगात होता. रोग्यांची स्थिती मात्र फारशी पालटली नव्हती. रेडियमने किंवा क्ष-किरणांनी गाठ जाई, हात किंवा पाय कापून टाकिला तर तीही तोड होई. परंतु काही महिन्यांत रोग फुप्फुसांत प्रकट होई. दहांतील एखादे मूल वाचे. १९६० नंतर व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड, ॲक्टिनोमायसिन व पुढे डॉक्सोरुबिसिन ही औषधे एकत्र देण्याची प्रथा पडली, आणि १९७३ साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून एकाच पद्धतीने पाहणी सुरू केली, तेव्हापासून जगणाऱ्यांची संख्या खऱ्या अर्थाने वाढू लागली. हे यश रोगाचे मूळ ठाऊक नसतानाच मिळाले, हे विसरता कामा नये.

मुळाचा धागा सापडला तो पेशीच्या आत, गुणसूत्रांत. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हेदेखील १९५६ सालापर्यंत बिनचूक मोजले गेले नव्हते. १९६० साली फिलाडेल्फिया येथे एका रक्तकर्करोगात एक आखूड गुणसूत्र सतत आढळते असे दिसले. १९७० च्या सुमारास गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटविण्याची रंगक्रिया निघाली, आणि कोणता तुकडा कोठून निघून कोठे जाऊन बसला हे ओळखता येऊ लागले. १९८३ साली फ्रान्समधील दोन गटांनी, पॅरिसला ओरियास व त्यांचे सहकारी यांनी आणि लिऑं येथे त्युर्क-कारेल व त्यांचे सहकारी यांनी, स्वतंत्रपणे जाहीर केले की युइंगच्या अर्बुदात ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांची टोके आपसांत बदललेली असतात. पुढे थोड्याच काळात स्टाउट यांच्या जातीच्या गाठींतही तीच अदलाबदल आढळली. चेहऱ्याने निराळे वाटणारे दोन रोग आतून एकच निघाले. अर्ध्या शतकाच्या वादाला येथे पहिला मोठा तडा गेला.

या अदलाबदलीने नेमके काय बिघडते हे कळण्यासाठी पेशीतील कारभाराची थोडी ओळख हवी. प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार प्रथिनांची जनुके, म्हणजे कृती लिहून ठेवलेल्या चोपड्या, सारख्याच असतात. यकृताची पेशी व हाडाची पेशी यांत फरक पडतो तो कोणती चोपडी उघडली जाते आणि कोणती मिटलेली राहते यावरून. ही उघडझाक करणारी खास प्रथिने असतात, हे पॅरिसच्या झाकोब व मोनो यांनी १९६१ साली साध्या जंतूंवरील प्रयोगांतून सुचविले. त्यांना आता ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर किंवा प्रतिलेखन-घटक असे म्हणतात, कारण जनुकाची नक्कल उतरवून घेण्याचे, म्हणजे प्रतिलेखनाचे, काम सुरू किंवा बंद करणे त्यांच्या हाती असते. माणसात त्यांची संख्या सोळाशेच्या आसपास आहे. अशा प्रत्येक घटकाला बहुधा दोन अंगे असतात. एक अंग वाटाड्याचे. ते डीएनएच्या लांबच लांब अक्षरमालेत आपल्या ओळखीची चार-सहा अक्षरे शोधून तेथे थांबते. दुसरे अंग दवंडी पिटणाऱ्याचे. ते तेथे नक्कल उतरविणाऱ्या यंत्रणेला बोलावते. कोणी कोठे आणि किती मोठ्याने दवंडी पिटावी हे पेशीत काटेकोर ठरलेले असते.

१९९२ साली पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमध्ये ओलिव्हिए दलात्र, जिल तोमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणसूत्रांच्या त्या सांध्यावरील जनुके ओळखून काढली. ११ व्या गुणसूत्रावरील जनुक होते एफएलआय-१. हे उंदरांच्या रक्तकर्करोगात आधीच सापडले होते; शार्लट फ्रेंड या विदुषीने शोधलेला विषाणू ज्या ठिकाणी घुसतो तेथले ते जनुक, म्हणून त्याच्या नावात त्यांचे आडनाव आहे. ते ज्या घराण्यातले, त्या ईटीएस घराण्याचे नाव मात्र कोंबड्यांना रक्तकर्करोग देणाऱ्या एका विषाणूवरून पडले आहे. उंदीर, कोंबडी आणि माणसाचे मूल यांच्या रोगांचे धागे असे एकाच गाठीत येऊन पडतात. २२ व्या गुणसूत्रावरील जनुक तोवर अज्ञात होते. त्याला युइंग यांच्या नावावरून ईडब्ल्यूएस म्हटले गेले. दोन जनुके मधोमध तुटून एकाचे डोके दुसऱ्याच्या धडाला चिकटले होते. एफएलआय-१ मधून आले वाटाड्याचे अंग, आणि ईडब्ल्यूएसमधून आले दवंडीचे. तेही भलतेच दणदणीत. दर शंभर रुग्णांत सुमारे पंच्याऐंशींमध्ये हीच जोडी आढळते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत ईडब्ल्यूएसला ईटीएस घराण्यातीलच दुसरा एखादा भाऊबंद, विशेषतः ईआरजी, भेटलेला असतो.

लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत १९९३ साली हे जोडप्रथिन उंदराच्या साध्या पेशींत घातले, तेव्हा त्या पेशी बेबंद वाढू लागल्या. नुसते निरोगी एफएलआय-१ घातले असता तसे झाले नाही. वाटाड्याचे अंग छाटून टाकले, तेव्हाही झाले नाही. अर्थात रोगाला दोन्ही अंगे लागतात.

आता सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. ईटीएस घराण्याचे सर्व वाटाडे जी-जी-ए-ए ही चार अक्षरे ओळखतात. निरोगी एफएलआय-१ अशा एकट्यादुकट्या जागी थांबते. परंतु मानवी डीएनएमध्ये ही चार अक्षरे कोठे कोठे दहा-वीस वेळा लागोपाठ आलेली आहेत, जणू एखाद्या मुलाने पाटीवर तोच शब्द गिरवावा. या ठिकाणांना निरोगी पेशीत काही काम असल्याचे दिसत नाही. ती गुंडाळून ठेवलेल्या अवस्थेत असतात. २००८ व २००९ साली अमेरिकेत व फ्रान्समध्ये झालेल्या संशोधनाने दाखविले की जोडप्रथिन नेमके याच गिरवलेल्या जागांवर झुंडीने जाऊन बसते. एनआर-०-बी-१ नावाचे, एरवी मुख्यतः मूत्रपिंडावरील ग्रंथीत काम करणारे जनुक अशाच एका लांब मालिकेजवळ आहे, आणि या अर्बुदात ते मोठ्या प्रमाणावर चालू झालेले असते. २०१४ साली याची क्रिया आणखी उलगडली. गिरवलेल्या जागी जोडप्रथिन बसले की गुंडाळलेला डीएनए मोकळा होतो आणि निद्रिस्त जागेचे रूपांतर दूरवरच्या जनुकांना जागविणाऱ्या ठाण्यात होते. २०१७ साली असे आढळले की गुंडाळी सोडविणारी पेशीतील यंत्रणा तेथे ओढून आणण्याचे काम ईडब्ल्यूएसचे अंग करते. याउलट एकट्या जी-जी-ए-ए जागी हेच प्रथिन तेथल्या हक्काच्या वाटाड्यांना हुसकून लावते, आणि पेशीला परिपक्व करणारी जनुके थंडावतात. एकच प्रथिन एका दारी ढोल वाजविते व दुसऱ्या दारी कुलूप घालते. फरक दाराच्या घडणीचा.

यावरून कुळाच्या वादाचा निकाल कसा लागला ते पाहण्यासारखे आहे. २००५ साली स्नायूंच्या एका निराळ्याच कर्करोगाच्या पेशींत हे जोडप्रथिन घातले असता त्या पेशी मज्जातंतूंच्या पेशींसारख्या दिसू लागल्या. म्हणजे विलिस व स्टाउट यांना दिसलेली मज्जातंतूची छटा खरी होती, पण ती वारशाने आलेली नव्हती. जोडप्रथिनाच्या हुकुमाने चढविलेला तो मुखवटा होता. दोन वर्षांनी दलात्र यांच्या प्रयोगशाळेने उलटा प्रयोग केला. अर्बुदाच्या पेशींतील जोडप्रथिन गप्प केले, तेव्हा मुखवटा गळून पडला आणि खाली दिसल्या त्या अस्थिमज्जेतील हाड, कूर्चा, मेद वगैरे घडविणाऱ्या मूलपेशींशी मिळत्याजुळत्या पेशी. मूळ पेशी नेमकी हीच, असे सर्वच तज्ज्ञ अद्याप मानीत नाहीत. पण सूक्ष्मदर्शकातील चेहऱ्यावर यापुढे कोणी विसंबणार नाही. निदानासाठी आज गुणसूत्रांची ती तुटलेली जोडणीच शोधली जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ही तपासणी होते.

या अर्बुदाबद्दल डॉक्टरांना फार दिवस आणखी एक कोडे पडले होते. युरोपीय वंशाच्या मुलांत ते जितके आढळते, त्यापेक्षा आफ्रिकी वंशाच्या मुलांत ते फारच विरळा, मग ती मुले अमेरिकेत वाढलेली का असेनात. २०१५ साली ईजीआर-२ या जनुकाजवळील एका गिरवलेल्या मालिकेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मालिकेत मध्येच एका ठिकाणी जी-जी-ए-टी असा खंड पडलेला असतो. काही लोकांत त्या टी च्या जागी ए आहे, आणि त्यामुळे दोन तुकडे जोडले जाऊन अखंड लांब मालिका बनते. जोडप्रथिनाला बसावयास ऐसपैस ओसरी मिळते. असे लोक एरवी पूर्ण निरोगी असतात. एका अक्षराने रोग होत नाही. पण दुर्दैवाने गुणसूत्रे तुटून ती जोडी जमलीच, तर हे अक्षर तिला साहाय्य करते. वंशभेदाचे सारे कोडे यातून सुटले असे नव्हे, तरी दिशा कळली.

इतके ज्ञान हाती असता या प्रथिनाला थोपविणारे औषध का नसावे, असे कोणीही विचारील. अडचण प्रथिनाच्या घडणीत आहे. नेहमीची औषधे प्रथिनाच्या एखाद्या खोबणीत किल्लीसारखी बसतात. ईडब्ल्यूएसचे अंग सैल सुतासारखे आहे. त्यात ठरलेली खोबणच नाही. वाटाड्याचे अंग घडीव आहे खरे, पण रक्त घडविणाऱ्या निरोगी घटकांचे अंगही तसेच असल्याने औषधाला आपला-परका ओळखणे कठीण. २००९ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात जोडप्रथिनाचा एका सहकारी प्रथिनाशी होणारा संयोग मोडणारे एक रसायन सापडले. त्यापासून केलेले टीके-२१६ हे औषध पुढे रुग्णांना देऊन पाहण्यात आले, पण गाठी ओसरल्या त्या अगदी थोड्यांच्या.

दरम्यान जुनीच औषधे अधिक शहाणपणाने वापरली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत जुन्या औषधांना आयफोस्फमाइड व इटोपोसाइड यांची जोड दिली असता, रोग इतरत्र न पसरलेल्या मुलांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६१ वरून ७२ वर गेले. निदानाच्या वेळीच ज्यांचा रोग पसरलेला होता त्यांना मात्र या जोडीचा काडीइतका लाभ झाला नाही. त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांशच पाच वर्षे पार करू शकले.

या पसरण्यामागेही जोडप्रथिनाच्या प्रमाणाचा हात असावा असे २०१७ साली पॅरिसच्या संशोधनात दिसले. ज्या पेशींत ते भरपूर असते त्या वाढत राहतात. ज्यांत ते काही काळ कमी होते त्या सुट्या होऊन भटकू लागतात. म्हणजे त्याला अर्धवट दाबणारे औषध गाठ थांबवील, पण रोग पांगवील, ही धास्ती आहेच. २०२१ साली बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी याच्या नेमके विरुद्ध टोक दाखविले. अर्बुदाच्या पेशी जोडप्रथिनाचे प्रमाण मर्यादेत ठेवण्यासाठी ट्रिम-८ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडून त्याचा जादा भाग नष्ट करवून घेत असतात. ट्रिम-८ काढून टाकले की जोडप्रथिन साठत जाते, दवंडीचा गोंगाट पेशीलाच असह्य होतो आणि ती मरते. प्रयोगशाळेतील पेशींत व उंदरांत हे घडले आहे. ट्रिम-८ ला निकामी करणारे औषध रुग्णालयाच्या कपाटात अद्याप आलेले नाही.